वाचक विचारतात : सायकलसाठी हार्ट रेट मॉनिटर कुठला घ्यावा?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की सोपी राइड खरंच सोपी होतेय का हे कळायचं असेल तर ठोके मोजा, नुसत्या अंदाजावर जाऊ नका. त्यावर भरपूर प्रश्न आले आणि बहुतेकांचा सूर एकच, ठोके मोजतोय हो, पण आकडा खरा कशावरून? म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा सुटला असेल तर परत पाठवा.

प्रश्न : दीड वर्षापासून सायकल चालवतोय, आठवड्याला साधारण १५० किलोमीटर होतात. हातात स्मार्टवॉच आहे. सपाटीला आकडा बरोबर वाटतो पण चढ लागला की माझी धाप लागलेली असते आणि घड्याळ म्हणतं ११२. वर पोचून थांबलो की एकदम १६५! घड्याळ बिघडलंय का? नवीन घेऊ की छातीचा पट्टा घेऊ? मित्र म्हणतो पट्टा म्हणजे जुनाट प्रकार.

दादा, घड्याळ बिघडलेलं नाही. सायकलवर त्याला जी जागा मिळते ती जागाच वाईट आहे.

घड्याळ उलटं करून बघा, मागे हिरवे दिवे लुकलुकतात ना, तो प्रकाश कातडीत शिरतो, रक्त लाल असतं म्हणून हिरवा प्रकाश ते चांगला शोषून घेतं, ठोका पडला की तिथे क्षणभर रक्त जास्त येतं आणि परत येणारा प्रकाश तेवढाच कमी होतो, हा कमीजास्तपणा मोजून घड्याळ ठोके काढतं. खुर्चीत बसल्याबसल्या हे मस्त चालतं. पण हा फरक असतो अगदी बारीक, आणि सायकलवर मनगटाचे हाल बघा काय होतात ते. अंगाचा निम्मा भार हातावर, मनगट मागे दुमडलेलं, ब्रेक आणि गिअर दाबताना कातडीखालचं सगळं सरकत असतं, रस्त्याची थरथर हँडलमधून सरळ वर येते, आणि थंडी असेल तर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसून बसतात. चढावर तर आपण हँडल अक्षरशः ओढतो, मूठ आवळली की घड्याळ कातडीवरून किंचित उचललं जातं, मधे उजेड शिरतो, मग त्याला ठोका सापडेनासा होतो आणि ते मागचाच आकडा धरून बसतं नाहीतर भलतंच काहीतरी दाखवतं. तुम्ही वर पोचता, हात सैल सोडता, सिग्नल परत मिळतो आणि १६५ दिसतात. म्हणजे ते १६५ खऱ्याच्या जवळचे, ११२ वर विश्वास ठेवू नका.

पट्ट्याचं काम वेगळं आहे. हृदयाचा ठोका पडायच्या आधी त्यातून विजेची एक बारीकशी लहर जाते, ईसीजीच्या कागदावर जे उंच टोक दिसतं ना, तेच ते. पट्ट्यातले दोन इलेक्ट्रोड ते टोक पकडतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेळ गेला ते मोजतात. हात काय करतोय, मनगटात रक्त किती पोचतंय, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. जुनाट म्हणणाऱ्या मित्राला सांगा की हो, जुनं आहेच, फिनलंडची पोलर कंपनी १९७७ सालची, स्की करणाऱ्या खेळाडूंचे ठोके ते पळत असतानाच मोजता यावेत म्हणून त्यांनी हे काम हातात घेतलं आणि १९८२ मध्ये वायर नसलेला, अंगावर घालून फिरता येईल असा मॉनिटर आणला. तेव्हापासून आजपर्यंत छातीवरून मोजायची पद्धत टिकलीय ती काम चोख करते म्हणूनच.

मी स्वतः एकदा दोन्ही एकत्र घालून बघितलं, पट्टा सायकलच्या कॉम्प्युटरला (हँडलवर लावतात ते आकडे दाखवणारं छोटं यंत्र) जोडला आणि घड्याळ वेगळं रेकॉर्ड करत ठेवलं. एक मिनिट जीव तोडून, दोन मिनिटं हळू, असं पाच वेळा. घरी येऊन दोन्ही ग्राफ एकाखाली एक ठेवले. पट्ट्याच्या ग्राफवर करवतीच्या दातासारखी पाच टोकं स्पष्ट. घड्याळाच्या ग्राफवर एकच मोठं टेकाड, तिसऱ्या फेरीचा तर पत्ताच नाही, आणि जिथे मी श्वास घ्यायला थांबलो होतो तिथे सगळ्यात मोठा आकडा! त्या दिवसापासून सायकलवर घड्याळाचा आकडा बघणं मी सोडलं. घड्याळ हातात असतं अजूनही, झोप आणि सकाळचे ठोके बघायला ते छान आहे.

तेव्हा तुम्हाला सरळ उत्तर, नवीन घड्याळ नको, पट्टा घ्या. कुठला, तर पोलरचा एच १०, गार्मिनचा एचआरएम ड्युअल, वाहूचा टिकर, हे वर्षानुवर्षं लोक वापरतायत आणि रोजच्या राइडला यातला कुठलाही पुरतो. त्यापेक्षा स्वस्तातले पण मिळतात आणि तेही टाकाऊ नसतात कारण ठोका पकडायची पद्धत तीच असते, फरक पडतो तो पट्ट्याच्या कापडात, ते किती दिवस ताण धरून राहतं त्यात, आणि ठोके सोडून बाकीचा गोंधळ आतलं सॉफ्टवेअर किती गाळतं त्यात. घेताना मी तीन गोष्टी बघतो. सेन्सरची डबी पट्ट्यापासून सुटी होते का, नुसता पट्टा वेगळा विकत मिळतो का (कारण आधी खराब होतो तो पट्टाच, डबी नाही), आणि बॅटरी आपल्याला घरी बदलता येते का. अचूकता कितीही भारी असली तरी नुसता पट्टा मिळत नसेल तर वर्षा-दोन वर्षांत सगळंच फेकावं लागतं, ते मला पटत नाही.

आणि पट्टा येईपर्यंत घड्याळच वापरायचं असेल तर ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, राइडपुरतं एक भोक घट्ट करा, आणि थंडीत वरून बाही ओढून घ्या. फरक पडतो, पण चढावरचं दुखणं पूर्ण जात नाही.

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे. तुमचं ऐकून पट्टा घेतला खरा, पण सुरुवातीची दहा मिनिटं तो १९५, २०८ असलं काहीतरी दाखवतो, मी नुकतीच घरातून निघालेली असते आणि दमलेली पण नसते. नंतर आपोआप १२०-१३० वर येतो. मला भीती वाटते, हृदयाचं काही असेल का? शिवाय पट्टा काचतो, छातीखाली लाल वळ उठलाय.

ताई, तुमची भीती समजू शकतो, २०८ बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. म्हणून आधी एक करा, पुढच्या वेळी असा आकडा दिसला की बाजूला थांबा, दोन बोटं मानेवर श्वासनलिकेच्या शेजारी हलकी ठेवा आणि १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणा. बोटाला २५ ठोके लागले म्हणजे झाले १००, आणि पट्टा २०८ म्हणतोय, तर पट्टा खोटं बोलतोय, विषय संपला. पण बोटालाही तितकेच जोरात लागले, किंवा ठोके वेडेवाकडे, मधेच चुकल्यासारखे वाटले, किंवा चक्कर, छातीत जडपणा, डोळ्यापुढे अंधारी असलं काही असेल तर राइड तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा, तिथे पट्ट्याची चर्चा करत बसू नका. हे व्यायामाचं साधन आहे, रोग ओळखायचं यंत्र नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मात्र मला कोरडा पट्टाच दिसतो. इलेक्ट्रोडला कातडीशी संपर्क साधायला ओल लागते, सुरुवातीला घाम नसतो, त्यात सिंथेटिक जर्सी वाऱ्याने फडफडते आणि छातीवर घासून घासून स्थिर वीज तयार होते, तीच पट्टा ठोका म्हणून मोजतो. दहा मिनिटांनी घाम सुटला की आपोआप शहाणा होतो. उपाय साधा, घालायच्या आधी पट्ट्याची आतली बाजू, जिथे गुळगुळीत रबरी किंवा जरा वेगळ्या रंगाचं कापड असतं ना तिथे, नळाखाली चांगली ओली करा. नुसता हात फिरवून नाही, ओली. ईसीजीला लावतात ते जेल मिळालं तर अजून छान, ते पाण्यासारखं लगेच वाळत नाही. आणि जर्सी अंगासरशी घाला, निदान चेन वरपर्यंत लावा.

हेच राइडच्या मधे व्हायला लागलं, म्हणजे घाम असूनही आकडा उड्या मारतोय, तर मग पट्टा धुवायला झालाय. हे मी अनुभवावरून सांगतो. माझा एक पट्टा आठ महिने झाले आणि रोज काहीतरी वेगळंच दाखवायला लागला, मी बॅटरी बदलली, परत पेअर केला, डबी खराब झाली असं धरून नवीन मागवायच्या बेतात होतो. मग एकदा उन्हात धरून बघितलं तर इलेक्ट्रोडवर पांढरट थर, घामाचं मीठ आणि अंगाला लावायच्या क्रीमचा चिकटा, बोटाने खरवडला तर नखात आला. कोमट पाणी आणि साध्या साबणाने चोळून धुतला, सावलीत वाळवला, दुसऱ्या दिवशी ग्राफ अगदी सरळ. आता दर राइडनंतर डबी काढून पट्टा नळाखाली धरतो आणि आठवड्यातून एकदा साबण. कपडे मऊ करायचं लिक्विड मात्र अजिबात वापरू नका, त्याचा थर इलेक्ट्रोडवर बसतो. धुऊनही सुधारला नाही तर नुसता पट्टा नवीन घ्या, डबी तीच राहू दे.

आता काचण्याचं. पट्टा छातीच्या खाली, बरगड्यांच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ बसायला हवा, स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या इलॅस्टिकच्या आत सरकवला तर दोन इलॅस्टिक एकमेकांवर चढत नाहीत आणि वळ उठत नाही. घट्ट किती, तर खोल श्वास घेताना अडकल्यासारखं वाटू नये आणि उडी मारली तर घसरू नये. एवढं करूनही नको वाटत असेल तर स्वतःला त्रास करून घेऊ नका, दंडाचा बँड घ्या. तो पण घड्याळासारखा प्रकाशावरच चालतो पण जागा चांगली असते, दंडावर किंवा कोपराखाली मांसल भागावर, जिथे काही दुमडत नाही आणि हँडलची थरथर कमी पोचते. पोलरचा व्हेरिटी सेन्स या प्रकारातला चांगला आहे. लांब, एका लयीतल्या राइडला तो पट्ट्याच्या जवळपास जातो, छोट्या जोरकस फेऱ्यांमधे आकडा थोडा मागून येतो, आणि रोज नाही तरी दर काही राइडनंतर चार्ज करावा लागतो. मला विचाराल तर काचतो म्हणून पेटीत पडलेल्या पट्ट्यापेक्षा रोज घातलेला बँड केव्हाही चांगला.

प्रश्न : ब्लूटूथवाला घ्यायचा का ॲन्ट प्लसवाला? माझा पट्टा फोनला जोडलाय, फोन जर्सीच्या मागच्या खिशात असतो, दर थोड्या वेळाने आकडा जातो आणि परत येतो. घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) लॅपटॉपला जोडला तरी तेच.

दोन्ही असलेला घ्या, आता बरेच पट्टे दोन्ही पाठवतात. ॲन्ट प्लस ही पण ब्लूटूथसारखी वायरशिवाय आकडे पाठवायची पद्धत, फक्त रेडिओ स्टेशनसारखी, पट्टा पाठवत राहतो, ज्याला ऐकायचंय तो ऐकतो, कॉम्प्युटर घड्याळ दोन्ही एकदम चालतात. ब्लूटूथमधे जोडणी लागते आणि कितीजण एकदम जोडले जातील ते मॉडेलवर असतं, जुन्या पट्ट्यांना एकच जमायचं. म्हणून कधी लॅपटॉपला पट्टा दिसतच नाही, कारण शेजारी पडलेल्या फोनने तो आधीच पकडून ठेवलेला असतो! फोनवरचं ॲप पूर्ण बंद करा आणि मग लॅपटॉपवर शोधा.

मागच्या खिशाचं कारण वेगळं. दोन्ही सिग्नल २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि शरीरात पाणी भरपूर असल्यामुळे आपलं अंगच तो सिग्नल खातं. डबी पुढे छातीवर, फोन मागे कंबरेवर, मधे अख्खे तुम्ही. फोन हँडलला लावा किंवा सायकल कॉम्प्युटर वापरा. लॅपटॉपच्या बाबतीत ॲन्ट प्लसचा यूएसबी रिसीव्हर लावला असेल आणि शेजारच्या यूएसबी ३ पोर्टमधे हार्ड डिस्क वगैरे असेल तर तिचा त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना त्रास होतो, रिसीव्हर एका एक्स्टेंशन वायरने लांब, सायकलच्या जवळ आणून ठेवा.

प्रश्न : माझं वय ६१. २२० वजा वय या हिशोबाने माझी जास्तीत जास्त ठोक्यांची मर्यादा १५९ येते. काल एका चढावर पट्ट्याने १७१ दाखवले आणि कॉम्प्युटरवर लाल पट्टी आली. त्रास काहीच झाला नाही. पट्टा चुकला की माझं चुकलं? आमच्यातल्या एकाला बीपीच्या गोळ्या आहेत, त्याचे तर १२० च्या वर जातच नाहीत.

काका, बहुतेक पट्टाही बरोबर आणि तुम्हीही. चुकला तो हिशोब. २२० वजा वय हा सरासरीचा ठोकताळा आहे, एका वयाच्या दोन माणसांमधे १०-१२ ठोक्यांचा फरक इकडे तिकडे सहज असतो, त्याहूनही जास्त असू शकतो. २००१ मधे तनाका नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरं सूत्र मांडलं, २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचं, त्याने तुमचे १६५ येतात. म्हणजे नुसतं सूत्र बदललं तर तुमची मर्यादा सहाने वर गेली, तुमच्या हृदयात काही बदललं का? नाही. सूत्रं गर्दीसाठी असतात, एका माणसासाठी नाही.

आकडा खरा होता का हे ग्राफवर कळतं. चढ सुरू झाल्यापासून ठोके हळूहळू चढत १७१ ला पोचले आणि थांबल्यावर हळूहळू उतरले तर ते खरे. १३० वरून एका सेकंदात १७१ आणि लगेच परत १३०, तर तो पट्ट्याचा गोंधळ, हृदय अशी उडी सहसा मारत नाही. उडी दिसली आणि त्याच वेळी छातीत फडफड किंवा धडधड जाणवली असेल तर मात्र ती डॉक्टरांना सांगायचीच, तो ग्राफ फोनमधे ठेवा आणि त्यांना दाखवा.

झोन, म्हणजे सोपं ते जोरकस असे ठोक्यांचे टप्पे, नीट लावायचे असतील तर कमाल ठोक्यांच्या मागे लागण्यापेक्षा अमेरिकन कोच जो फ्रील यांची चाचणी बरी, चांगलं वॉर्मअप करून एकट्याने ३० मिनिटं जितकं झेपेल तितकं एकसारखं जोरात चालवायचं आणि त्यातल्या शेवटच्या २० मिनिटांचे सरासरी ठोके बघायचे, तो आकडा धरून झोन पाडायचे. पण काका, तुमच्या वयाला ही चाचणी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, ते ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून घेतील तर तुम्हाला तुमची खरी मर्यादाही कळेल आणि मनातली लाल पट्टीही जाईल. ही टाळाटाळ करायची गोष्ट नाही.

आणि तुमच्या मित्राबद्दल, बीपीच्या गोळ्यांमधे बीटा ब्लॉकर नावाचा प्रकार असतो, तो हृदयाचा वेगच कमी ठेवतो, म्हणून त्यांचे १२० च्या वर जात नसतील. त्यांचा पट्टा बरोबरच सांगतोय, फक्त सूत्रातले झोन त्यांना लागू नाहीत, आणि आकडा वाढत नाही म्हणून अजून जोर लावायचा असं त्यांनी मुळीच करू नये. त्यांनी श्वासावर चालवावं, पूर्ण वाक्य बोलता येतंय म्हणजे सोपं, दोन-तीन शब्दांवर आलं म्हणजे जड. गोळी आपल्या मनाने बंद करून बघू नये हेही त्यांना सांगा. पेसमेकर बसवलेला कुणी तुमच्यात असेल तर त्याने कुठलाही पट्टा घालायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं.

प्रश्न : पट्ट्याची बॅटरी खोक्यावर लिहिल्याप्रमाणे वर्षभर तरी जायला हवी, माझी दोन महिन्यांत संपते. डबी खराब आहे का?

राइड झाल्यावर डबी पट्ट्यालाच लावून ठेवता ना? डबी चालू होते ती तिच्या दोन बटणांमधे अंग किंवा ओल आली की, घामट पट्टा खुंटीला टांगला तर तो वाळेपर्यंत तिला वाटतं तुम्ही अजून सायकलवरच आहात. निदान एक बटण तरी सोडवून ठेवा, दोन्ही सोडवली तर उत्तम.

नवीन सेल घेताना जुन्यावरचा नंबर वाचून घ्या, बऱ्याच पट्ट्यांना सीआर २०३२ लागतो पण पोलर एच १० ला सीआर २०२५, दिसायला सारखे आहेत पण जाडी वेगळी. झाकणाखालची रबरी रिंग जागेवर बसलीय ना ते बघा, ती मुडपली की घाम आत जातो. आणि काढलेला जुना सेल टेबलावर ठेवून उठू नका, घरात लहान मूल असेल तर तो लगेच चिकटपट्टीत गुंडाळून उंचावर ठेवा, कारण गिळला गेला तर तो संपलेला असला तरी अन्ननलिका आतून भाजून काढतो आणि त्यासाठी दोन तासही पुरतात. नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.